परवानगीलाही मुदत असते

(शिरोडा येथील प्रौढांच्या रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला एका कागदाची गोष्ट सांगणार आहोत. कागद साधाच होता. पण त्यावर एक तारीख होती. ती तारीख आपल्या वर्गातल्या एका काकींनी वाचली. त्यातून पुढचे सगळे घडले.

काकींना रक्तदाबाचा विकार आहे. सव्वा वर्षापूर्वी त्या एका मोठ्या दवाखान्यात गेल्या. दवाखान्याचे नाव सांगण्याची इथे गरज नाही. तिथे रक्तदाबाच्या एका औषधाची चाचणी चालू होती. तिथल्या डॉक्टरांनी काकींना सर्व समजावून सांगितले. काकी ‘होय’ म्हणाल्या. एका साक्षीदारासमोर त्यांनी कागदावर अंगठा उठवला. कागदाची एक प्रत त्यांना मिळाली. ती त्यांनी पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिली. मग दर तीन महिन्यांनी एस.टी.ने जायचे, रक्त द्यायचे आणि गोळ्या घेऊन यायचे, असा क्रम सुरू झाला.

यंदा काकी आपल्या वर्गात आल्या. अक्षरे शिकल्या, आकडे शिकल्या. एका रात्री तो कागद घेऊनच आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, आता अक्षरा वाचूक येतत. ह्यो माझो कागद. वाचून बघूया.”

एकेक अक्षर लावीत त्यांनी वाचायला सुरुवात केली. खाली एक शिक्का होता. शिक्क्याजवळ ‘मंजुरीची मुदत’ असे शब्द होते आणि पुढे तारीख होती. काकी तिथे थांबल्या. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. बोटांवर महिने मोजले. म्हणाल्या, “गुरुजी, ही तारीख सरली मां? दोन महिने झाले. आणि माझा रक्त तर गेल्या महिन्यात काढल्यानी!”

सारा वर्ग गप्प झाला. आम्हीही क्षणभर गप्प झालो. कारण प्रश्न अगदी बरोबर होता.

ही मंजुरी कोणाची? तिला मुदत कशाला? आणि मुदत सरली तर काय? हे तीन प्रश्न आज आपण सोडवू या.

आधी एक फरक ध्यानात घ्या. उपचार वेगळा आणि संशोधन वेगळे. २०१६ साली आपल्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, माकडताप आढळला. तापकऱ्यांचे रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासले गेले. कशासाठी? तर ह्या माणसाला कसला ताप आहे, हे कळावे म्हणून. ती त्या माणसाच्या आजाराची तपासणी झाली. पण समजा, कोणी तुम्हांला म्हणाले, “हे नवे औषध आहे. ते जुन्यापेक्षा चांगले आहे की नाही, हे आम्हांला पाहायचे आहे. तुम्ही घ्याल का?” तर ते संशोधन झाले. त्यातून तुमचा फायदा होईल, किंवा होणारही नाही. मात्र पुढच्या माणसांसाठी नवे ज्ञान मिळेल.

संशोधन वाईट आहे का? मुळीच नाही. संशोधन झाले नसते, तर आज आपल्या पोरांना एकही लस मिळाली नसती. एक उदाहरण घ्या. लहान मुलांना हगवण लागते. तिचे एक मोठे कारण म्हणजे रोटाव्हायरस नावाचा विषाणू. त्यावर आपल्या देशात थेंबांची एक लस तयार झाली. ती खरोखर उपयोगी आहे का, हे पाहण्यासाठी २०११ आणि २०१२ साली ६७९९ तान्ह्या बालकांना चाचणीत घेतले. ही बालके तीन ठिकाणची होती. एक ठिकाण दिल्ली, दुसरे तामिळनाडूतील वेल्लोर, आणि तिसरे आपल्या महाराष्ट्रातले, पुणे जिल्ह्यातील वढू. खेड्यातल्या आयाबहिणींनी आपली सहा आठवड्यांची लेकरे मांडीवर घेऊन ह्या कामाला हात दिला. दर तीन बालकांपैकी दोघांना लस दिली. एकाला नुसते लसीसारखे दिसणारे थेंब दिले. कोणाला काय मिळाले, हे आईलाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. मग बालकांची दोन वर्षांची होईपर्यंत देखरेख झाली. रोटाव्हायरसच्या जोरदार हगवणीपैकी निम्म्याहून अधिक हगवण ह्या लसीने टळते, असे दिसून आले. २०१६ साली ही लस सरकारी लसीकरणात आली.

आता नीट ऐका. ही बालके दोन दोन वर्षे देखरेखीखाली होती. सुरुवातीला एकदा मंजुरी मिळाली, म्हणून दोन वर्षे कोणी पाहायचेच नाही, असे चालले असते का? चालले नसते. त्याला कारणही होते. अमेरिकेत १९९८ साली रोटाव्हायरसची एक दुसरी लस निघाली होती. चाचण्या होऊन, मंजुरी मिळूनच ती बाजारात आली होती. पण लाखो मुलांना दिल्यावर एक धोका दिसला. थोड्या मुलांत आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरू लागला. १९९९ साली ती लस मागे घेतली. सांगायचे तात्पर्य असे की, काल जो धोका कोणाला ठाऊक नव्हता, तो आज ठाऊक होतो. म्हणून वढूच्या आणि इतर ठिकाणच्या बालकांच्या बाबतीत ह्याच दुखण्यावर मुद्दाम डोळा ठेवला होता.

तुम्ही शिरोड्याची माणसे. तुम्हांला मिठागर नवे नाही. पावसाळ्यात मिठागर पाण्याखाली जाते. पाऊस सरला की काय करतात? पाणी काढतात. गाळ उपसतात. बांध कुठे फुटला, कुठे खेकड्यांनी भोके पाडली, ते पाहतात. तळ चोपून घट्ट करतात. मगच भरतीचे पाणी आत घेतात. “गेल्या वर्षी बांध चांगला होता, तेव्हा यंदा बघायला नको,” असे कोणी म्हणतो का? म्हटले, तर त्याचे मीठ दर्यात जाईल!

संशोधनाच्या मंजुरीचे तसेच आहे. मंजुरी म्हणजे माणसांच्या भोवती घातलेला बांध. तो एकदा घातला आणि विसरला, असे चालत नाही. वर्षभरात औषधाबद्दल नवी माहिती येते. कोणाला अपाय होतो. कोणी सोडून जातो. दुसरीकडे अधिक चांगले औषध निघते. म्हणून बांध पुन्हा पाहावा लागतो.

बांध न पाहिल्यास काय होते, त्याची एक खरी गोष्ट ऐका. ती अमेरिकेतली आहे.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे गाव आहे. तिथे १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या माणसांची पाहणी सुरू केली. बहुतेक सारे गरीब, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे. बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश, म्हणजे गरमीचा रोग होता. खात्याला पाहायचे होते की, उपचार केला नाही तर हा रोग माणसाच्या शरीरात काय काय करतो. पण त्या माणसांना हे सांगितलेच नाही. “तुमचे रक्त बिघडले आहे,” एवढेच सांगितले. फुकट तपासणी, तपासणीच्या दिवशी जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च, एवढे दिले. माणसे म्हणाली, सरकारी डॉक्टर आहेत, आपल्या भल्यासाठीच करीत असतील.

१९३२ साली ह्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. पण १९४७ पर्यंत पेनिसिलिन आले. त्याने हा रोग बरा होतो, हे साऱ्या डॉक्टरांना कळले. आता तरी त्या माणसांना औषध द्यायचे की नाही? नाही दिले! पाहणी तशीच चालू ठेवली. १९६९ साली काही डॉक्टरांची बैठक बसली. पाहणी थांबवायची का, असा विचार निघाला. आणि ठरले काय? चालू ठेवायची! त्या बैठकीत टस्कीगीचा एकही शेतकरी नव्हता. शेवटी १९७२ साली वर्तमानपत्रात बातमी आली, लोक खवळले, आणि पाहणी बंद झाली. चाळीस वर्षे! तोवर कित्येक माणसे त्या रोगाने मेली. कित्येकांच्या बायकांना रोग लागला. १९९७ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाच्या वतीने माफी मागितली. पण मेलेली माणसे काही परत आली नाहीत.

ह्या गोष्टीत सर्वांत मोठा दोष कोणता? पहिल्याच दिवशी खोटे सांगितले, हा तर मोठा दोष आहेच. पण दुसराही आहे. १९४७ साली, औषध हाती आल्यावर, कोणी नव्याने विचारले नाही. १९६९ साली विचारले, ते आपापसांत विचारले. ज्यांच्या अंगावर बेतले होते, त्यांना विचारलेच नाही. आपल्याकडे म्हण आहे ना, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. दळणाऱ्याला दिसत नव्हते, आणि ज्यांना दिसत होते ते बोलत नव्हते.

अशा गोष्टींतून जग शहाणे झाले. माणसांवरील संशोधन कसे करावे, ह्याचे नियम जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने १९६४ साली हेलसिंकी शहरात ठरवले. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० साली पहिले धोरण जाहीर केले. पुढे २०००, २००६ आणि २०१७ साली ते सुधारले. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली सरकारने नवे नियम काढले.

ह्या नियमांप्रमाणे माणसांवर संशोधन करायचे, तर आधी एका समितीची मंजुरी लागते. दवाखान्यात तिला ‘एथिक्स कमिटी’ म्हणतात. आपण तिला नीती समिती म्हणू. औषधाच्या चाचणीसाठी समितीत निदान सात माणसे हवीत. निदान अर्धी माणसे त्या संस्थेच्या बाहेरची हवीत. अध्यक्ष तर बाहेरचाच हवा. डॉक्टर असतात, कायदा जाणणारा असतो, निदान एक स्त्री असते. आणि एक साधा नागरिक असतो. तो डॉक्टर नसतो, शास्त्रज्ञ नसतो. तुमच्याआमच्यासारखा असतो. त्याचे काम काय? “हा कागद आमच्या लोकांना समजेल का?” हे विचारणे!

ही समिती एकदा मंजुरी देऊन घरी जात नाही. काम चालू असेपर्यंत ती पाहत राहते. साधारणपणे वर्षातून निदान एकदा तरी ती संशोधकांना हिशेब विचारते. धोका जास्त असेल, तर अधिक वेळा विचारते. मुदत सरण्याच्या आधीच संशोधकांनी अर्ज द्यायचा असतो. त्यात काय सांगायचे असते?

किती माणसे घेतली? किती सोडून गेली, आणि का गेली? कोणाला काही अपाय झाला का? ह्या औषधाबद्दल जगात कुठे नवी माहिती आली आहे का? ठरलेल्या रीतीत काही बदल केला का? लोकांना दिलेला कागद अजून खरा आहे का, की त्यात नवे काही लिहायला हवे?

ही उत्तरे पाहून समिती ठरवते. पुढे चालू द्यायचे, की बदल करून चालू द्यायचे, की थांबवायचे. आणि औषधाच्या चाचणीत एखाद्याला गंभीर अपाय झाला, तर वर्षभर थांबायचे नसते. चोवीस तासांच्या आत समितीला कळवायचे असते.

आणि मुदत सरून गेली, पण नवी मंजुरी आली नाही, तर? तर काम थांबवायचे. नवी माणसे घ्यायची नाहीत. संशोधनासाठी रक्त काढायचे नाही. मात्र एक गोष्ट सांभाळतात. एखाद्याचे चालू औषध एकाएकी तोडल्याने त्याला अपाय होणार असेल, तर समितीला विचारून ते चालू ठेवतात. बांध दुरुस्त करायचा म्हणून आतल्या माणसाला बुडू द्यायचे नसते.

आता पुन्हा काकींकडे येऊ.

काकींच्या कागदावर दोन फोन क्रमांक होते. एक संशोधन करणाऱ्या डॉक्टरांचा. दुसरा नीती समितीच्या सचिवांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आमच्याकडे आल्या. आम्ही म्हणालो, “काकी, फोन आम्ही लावून देतो. बोलायचे मात्र तुम्ही.” काकी घाबरल्या. “माका काय बोलूक येता मोठ्या माणसांशी?” आम्ही म्हणालो, “तारीख तुम्ही वाचलीत. तेवढेच सांगा.”

काकींनी सांगितले. पलीकडचे गृहस्थ रागावले नाहीत. उलट त्यांनी तारीख पुन्हा विचारून लिहून घेतली. मग कळले ते असे. संशोधकांनी नूतनीकरणाचा अर्ज उशिरा पाठवला होता. तो अपुरा होता, म्हणून समितीने परत केला होता. मधल्या काळात रक्त काढायला नको होते, ते काढले गेले. कोणी वाईट हेतूने केले नव्हते. कामाच्या गर्दीत तारीख विसरली गेली होती. पण विसर पडला तरी चूक ती चूकच. समितीने संशोधन थांबवले. काकींच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवल्या. मुदतीबाहेर काढलेल्या रक्ताचे काय करायचे, हेही समितीनेच ठरवायचे होते.

महिन्याभराने नवी मंजुरी आली. तिच्याबरोबर नवा कागद आला. ह्या खेपेस काकींनी तो आपल्या वर्गात बसून स्वतः वाचला. त्यांना दोन रात्री लागल्या. दुसऱ्या पानावर एक नवी ओळ होती. जुन्या कागदात ती नव्हती. ‘हे औषध घेणाऱ्या काही जणांना उठताना भोवळ येते, असे आढळले आहे.’

काकींनी ती ओळ दोनदा वाचली. मग हळूच म्हणाल्या, “गुरुजी, माका वाटला, उन्हान भोवळ येता.”

दोन महिन्यांपासून त्यांना भोवळ येत होती. एकदा पाणंदीत त्या पडता पडता वाचल्या होत्या. हंडा फुटला, माणूस वाचले! पण त्या कोणाला बोलल्या नव्हत्या. वयाचे दुखणे म्हणून गप्प बसल्या होत्या. मग त्यांनी डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी तपासून गोळी कमी केली. भोवळ थांबली.

पाहा, बंधूंनो! ती तारीख म्हणजे नुसती कारकुनी नव्हती. अर्ज वेळेवर गेला असता, तर ती ओळ काकींपर्यंत आधी पोचली असती.

आता तुम्ही काय करायचे, ते थोडक्यात सांगतो.

कोणी तुम्हांला संशोधनात यायला सांगितले, तर आधी विचारा, “हा माझा उपचार आहे, की तुमचे संशोधन?” कागदाची प्रत मागून घ्या. ती तुमच्या हक्काची आहे. वाचता येत नसेल, तर ज्याचा त्या संशोधनाशी संबंध नाही अशा साक्षीदारासमोर वाचून घ्या. घरी नेऊन घरच्यांशी बोला. घाई करू नका. नीती समितीची मंजुरी कोणत्या तारखेची आहे, कुठवर आहे, हे विचारा. समितीचा फोन क्रमांक पाहून ठेवा. चाचणीत असताना नवे दुखणे आले, तर ते आपल्या मनाने उन्हावर किंवा वयावर ढकलू नका. डॉक्टरांना सांगा. औषधाच्या चाचणीत अपाय झाल्यास उपचार फुकट मिळतो. अपाय चाचणीमुळेच झाला असे ठरले, तर नियमाप्रमाणे भरपाईही मिळते.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समितीची मंजुरी म्हणजे तुमची मंजुरी नव्हे. समितीने ‘चालू द्या’ म्हटले, तरी तुम्ही ‘नको’ म्हणू शकता. आज ‘होय’ म्हटलेत, तरी उद्या ‘नको’ म्हणू शकता. कारण सांगण्याचीही सक्ती नाही. त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार कोणी बंद करू शकत नाही. १९३० साली ह्याच शिरोड्याच्या मिठागरात लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला. साध्या माणसांनी राज्य करणाऱ्यांना ‘नको’ म्हटले. मग आपल्याच दवाखान्यात, आपल्याच माणसांना प्रश्न विचारायला भ्यायचे कशाला? विचारणे म्हणजे अपमान नव्हे. चांगला संशोधक प्रश्नाला रागावत नाही. चांगल्या प्रश्नाने त्याचेही काम चांगले होते.

काकींनी पुढे काय केले, असे तुम्ही विचाराल. आम्हीही त्यांना विचारले, “काकी, राहणार की सोडणार?” काकींनी पाच दिवस विचार केला. मुलाशी बोलल्या, सुनेशी बोलल्या. मग म्हणाल्या, “मी रवतंय. पण आता कागद वाचून रवतंय.”

त्या दिवशी नव्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला नाही. सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. सहीखाली तारीख घातली. आणि कागदाची प्रत पेटीत न ठेवता, दिनदर्शिकेजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली.

तुमच्याही घरात असा एखादा कागद असेल. आज रात्री घरी गेल्यावर तो काढा. त्यावरची तारीख वाचा. कळले नाही, तर उद्या वर्गात घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.